पन्हा

मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला,
त्याच्या आत एक लहान, त्याच्या आत आणखी लहान.
म्हणाले, यात नजर कडेकडेनं जाते,
मधलं शेवटपर्यंत राहतं.
पद्मलआत्या म्हणाली, "म्हंजे काठ उसवणार, अंग राहणार."
डॉक्टर आधी थांबले, मग हसले.
मला नाही हसता आलं.

सांगलीत चहा घेतला. आष्टा आलं, आमच्या गल्लीचं वळण आलं
तशी मागून खांद्यावर दोन बोटं टेकली:
"घर कुठं पळतंय? बह्याला ने.
बंधारा भरून वाहतोय म्हणत्यात."
दवाखान्यातला काळा चष्मा, डोळ्यांत थेंब,
गाडीवर एका अंगाला बसलेली,
इस्लामपूर कधी मागं पडलं तिला कळलंच नाही.

मला धबधबा म्हणजे उंची.
ठोसेघरला मान दुखेपर्यंत वर बघितलेलं,
फोटो उभा, आपण तळाशी ठिपक्याएवढे.
इथं पाणी पडतं ते जेमतेम पुरुषभर.
पण या काठावरून सुरू होतं
आणि मध्ये कुठं दम न घेता
त्या काठाला जाऊन टेकतं.
मोबाईल आडवा धरला, नदी उरली.
मागं सरत सरत उसाच्या बांधाला पाठ लागली,
पानं मानेला कापायला लागली,
तरी डावीकडं उरली, उजवीकडं उरली.
फोटोत नुसता मधला तुकडा,
कुठल्याही ओढ्याचा म्हणून खपेल असा.

"पन्हा बघ की हिचा," आत्या म्हणाली.

चाळीस वर्षं तिचं मशीन बाजारपेठेत,
औषधाच्या दुकानाच्या पायरीला लागून.
कापड कुणी पुढं टाकलं की रंग नाही, पोत नाही,
आधी पन्हा.
पन्हा कमी असला की गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची,
बाई, यात तुमची बाही बसत नाही.

चष्मा कपाळावर सारला.
नाकाशी चिमूट धरली, दुसरा हात लांब केला
आणि बोरगावच्या अंगापासून
वार, वार, नदी मोजायला लागली.
पांढरं एवढं की डोळ्यांतून पाणी,
तरी मान थोडी थोडी वळत राहिली,
मशीनखाली कापड सरकावं तशी.

इथं मारुतीनं बाहू पसरले, नदी दुभंगली,
म्हणून बहे, असं देवळात सांगतात.
मी ते तिला सांगितलं.
"दोन हात कसं पुरलं असत्याल हिला?" ती म्हणाली.
"त्यानंबी आधी पन्हा बघितला नसंल."

एक भोयाचा पोरगा आला, खांद्यावर ओलं जाळं.
तिच्या अगदी डाव्या हाताला उभा राहिला, विचारलं,
"आज्जी, पल्याडचं दिऊळ दिसतंय का?"
आत्या दचकली.
आवाज कुठून आला म्हणून आख्खी वळली,
खांद्यासकट.
मग म्हणाली, "दिऊळ दिसतंय रं बाबा.
तूच दिसत न्हवतास."

सकाळपासून मी तिच्या डाव्या बाजूनं चालत होतो.
दवाखान्याच्या जिन्यावर, औषधाच्या रांगेत, चहाच्या टपरीवर.
तिनं एकदा विचारलं होतं, "आलास न्हवं?"
मी चिडून म्हणालो होतो, हा काय इथंच आहे.

पोरगा गेला. मी तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो,
पाणी आणि ती यांच्या मध्ये.
"सरक की," ती म्हणाली, "मोजाय देशील का न्हाई?
किती झालं हुतं?"

मी मोजत नव्हतो.
"त्रेसष्ट," म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली,
सुईत दोरा ओवताना बघायची तसं, एकाच जागी.
"खोटं. बावन्नाच्या म्होरं ग्येलीच न्हवती मी."
नाकाशी पुन्हा चिमूट.
आणि मान फिरवत, फिरवत,
पार बोरगावच्या अंगाला,
जिथं पाणी नुकतं पडायला लागतं तिथं,
"एक."